नवा कोळी सापडला असे म्हणण्याआधी: ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’चे परीक्षण

गेल्या ऑक्टोबरमध्ये पदवीच्या वर्गातील चार विद्यार्थ्यांना घेऊन मी वसईला एका नातेवाइकांच्या वाडीत गेले होते. पाऊस नुकताच ओसरला होता आणि सोनचाफ्यावर, जास्वंदीवर, कुंपणाच्या अडुळशावर किडे भरपूर होते. फांदीखाली उलटी छत्री धरून वरून काठीने हलके ठोकले, की झाडावरचे लहान जीव छत्रीत पडतात, ही कीटक गोळा करणाऱ्यांची जुनी रीत मुलांना दाखवायची होती. दोन तासांत छत्रीत दोन खेकडा कोळी पडले. एक शेंदरी डोक्याचा, काळ्या पोटावर पांढरट-पिवळी नक्षी असलेला, इतका देखणा की चौघेही एकदम ओरडले. दुसरा वाळक्या काडीच्या रंगाचा आणि लांबट होता. तो हलला नसता तर काटकी समजून आम्ही त्याला झटकून टाकले असते. परतताना गाडीत एका विद्यार्थिनीने मोबाइलवरच्या एका लोकप्रिय ओळख-ॲपमध्ये दोघांची छायाचित्रे घातली. ॲपला एकाचीही खात्रीची ओळख देता आली नाही, आणि बोरिवली येईपर्यंत मुलांचे ठरून गेले होते की शेंदरी कोळी विज्ञानाला नवा आहे. त्याचे नाव काय ठेवायचे, इथपर्यंत बोलणे गेले होते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत या दोन कोळ्यांचा छडा लावताना आम्ही ज्या साधनाचा सर्वांत अधिक उपयोग केला, त्याचे हे परीक्षण आहे. ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’ ही स्वित्झर्लंडमधील बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडून चालवली जाणारी, इंटरनेटवर सर्वांना खुली असलेली सूची आहे. जगात आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक कोळ्याचे नाव, ते कोणी व केव्हा दिले, पुढे ते बदलले का, आणि त्या कोळ्याची चित्रे कोणत्या लेखाच्या कोणत्या पानावर आहेत, एवढे सर्व तिथे एका ठिकाणी मिळते. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकवणारे, शिकणारे आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आरेत किंवा येऊरला जाणारे बरेच जण आहेत; त्यांच्यापैकी पुष्कळांना ही सूची ठाऊक नाही, असा माझा अनुभव आहे.

शब्दांविषयी आधीच सांगून ठेवते. वर्तमानपत्रांत ‘स्पीशीज’ला सरसकट ‘प्रजाती’ म्हणतात. या लेखात मी ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ आणि ‘जीनस’साठी ‘प्रजाती’ असे शब्द वापरत आहे, कारण दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर पुढचे सारे विवेचन गोंधळाचे होईल.

कोळ्यांच्या सूची करण्याची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत कार्ल रोवर यांनी आणि फ्रान्समध्ये पिएर बोने यांनी स्वतंत्रपणे प्रचंड ग्रंथ तयार केले. १९८३ मध्ये इटलीच्या पाओलो ब्रिन्योली यांनी त्यांना पुरवणी जोडली, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील नॉर्मन प्लॅटनिक यांनी १९८९, १९९३ आणि १९९७ मध्ये पुढचे खंड काढले. २००० साली प्लॅटनिक यांनी ही सूची इंटरनेटवर आणली आणि २०१४ पर्यंत ती सांभाळली. त्या वर्षी ती बर्नकडे गेली. २०२० मध्ये प्लॅटनिक यांचे निधन झाले. एका माणसाने इतकी वर्षे हे काम का करत राहावे, असा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. सूचीत एखादे नाव शोधून पाहिले, की उत्तर मिळते: तिच्याशिवाय त्या एका नावासाठी दीडशे वर्षांची नियतकालिके चाळावी लागली असती. एप्रिल २०२२ मध्ये या सूचीत ५०,०००व्या जातीची नोंद झाली. ती गुरियुरियस मिनुआनो या दक्षिण अमेरिकेतील उड्या मारणाऱ्या कोळ्याची होती, आणि आकडा तेव्हापासून पुढेच जात आहे.

आता आमच्या दोन कोळ्यांकडे येते.

खेकडा कोळी म्हणजे थोमिसिडी या कुळातील कोळी. त्यांच्या पायांच्या पुढच्या दोन जोड्या लांब आणि बळकट असतात, पाय खेकड्यासारखे बाजूंना पसरलेले असतात आणि त्यांना आडवे चालता येते. भक्ष्यासाठी ते जाळे विणत नाहीत. फुलावर, पानावर किंवा काटकीवर दबा धरून बसतात आणि जवळ आलेल्या माशीला, कधी स्वतःहून मोठ्या असलेल्या मधमाशीलाही, पुढच्या पायांनी धरतात. यांतील काहींना रंग बदलता येतो. युरोप-अमेरिकेतील मिसुमेना व्हाटिया ही जाती पांढऱ्याची पिवळी आणि पिवळ्याची पुन्हा पांढरी होते, मात्र या बदलाला काही दिवस लागतात. रंगावरून जाती ठरवू नये, हे वर्गात कितीही वेळा सांगितले तरी पटत नाही. या एका उदाहरणाने ते पटते.

शेंदरी कोळ्याची प्रजाती आम्हाला सूचीतून सापडली नाही, आणि सापडणारही नव्हती. सूचीत छायाचित्रे नाहीत आणि ओळख पटवण्याची किल्लीही नाही. म्हणजे ‘पुढचे पाय काटेरी असल्यास अमुककडे जा, नसल्यास तमुककडे जा’ अशी प्रश्नमालिका तिथे नाही. ज्याला प्रजातीचे नाव आधीपासून माहीत आहे त्याच्यासाठीच ती आहे. आम्हाला प्रजाती मिळाली ती बिनोय कृष्ण टिकादर यांच्या १९८० च्या ग्रंथातून. ‘फौना ऑफ इंडिया’ या मालेतील कोळ्यांच्या पहिल्या खंडाचा हा भाग पूर्णपणे भारतातील खेकडा कोळ्यांना वाहिलेला आहे आणि त्यात किल्ली आहे. टिकादर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले, पण त्याआधी पुण्यात असताना त्यांनी महाराष्ट्रातील कोळ्यांवर जे काम केले, त्याच्याशी आपल्याकडच्या प्रत्येक नवशिक्याची गाठ पडतेच. किल्लीने आम्हाला कॅमॅरिकस या प्रजातीपाशी आणून सोडले, आणि तिथून पुढे सूचीचा उपयोग सुरू झाला.

कॅमॅरिकसचे पान उघडले की त्यातील जातींची यादी समोर येते. त्या यादीत एक नाव वाचून विद्यार्थी हरखून गेले: कॅमॅरिकस खंडाळाएन्सिस, टिकादर, १९८०. आपल्या खंडाळ्याचे नाव एका कोळ्याला आहे, हे चौघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. याच यादीत कॅमॅरिकस फॉर्मोसस, थोरेल, १८८७ हेही नाव होते, आणि त्याच्यापुढे भारतापासून चीन, फिलिपीन्स आणि इंडोनेशियापर्यंतचा प्रसार दिलेला होता. आमची मादी पूर्ण वाढलेली होती, त्यामुळे तिच्या पोटाच्या खालच्या बाजूचे एपिगाइन, म्हणजे प्रजननछिद्राभोवतीची कठीण तबकडी, स्पष्ट दिसत होती. सूचीतील नोंदींवरून चित्रे असलेले लेख काढले, तबकडी चित्रांशी ताडून पाहिली, आणि ती थोरेल यांच्या जातीशी जुळली. त्या कोळ्याला नाव मिळून एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मुले नाराज झाली, हे मी लपवत नाही. परंतु वसईच्या वाडीतला कोळी आणि एकोणिसाव्या शतकातील स्वीडिश अभ्यासकाने वर्णन केलेला कोळी एकच आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी सिद्ध करणे, याचे समाधानही काही कमी नव्हते.

सूचीतील नोंद वाचायची कशी, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तिचे सारे बळ तिथे आहे आणि ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. जातीच्या नावाखाली एकेका ओळीत लेखक, वर्ष, पान आणि आकृतीचा क्रमांक दिलेला असतो, आणि शेवटी कंसात एक-दोन अक्षरे असतात. ‘एम’ म्हणजे त्या लेखात नराचे वर्णन किंवा चित्र आहे, ‘एफ’ म्हणजे मादीचे. ‘डी’ म्हणजे हे मूळ वर्णन, ‘टी’ म्हणजे जाती एका प्रजातीतून दुसरीत हलवली, आणि ‘एस’ म्हणजे दुसरे एखादे नाव हे याच जातीचे दुसरे नाव असल्याचे ठरवले. एवढी पाच अक्षरे कळली की एका जातीचा सगळा इतिहास दहा ओळींत वाचता येतो.

नावांतील कंसालाही अर्थ आहे. थॉमिसस ऑनुस्टस या जातीपुढे वाल्केनेर, १८०५ हे कंसाशिवाय येते, कारण वाल्केनेर यांनी तिला ज्या प्रजातीत ठेवले त्याच प्रजातीत ती आजही आहे. मिसुमेना व्हाटियापुढे मात्र क्लर्क, १७५७ हे कंसात येते, कारण ती मागाहून दुसऱ्या प्रजातीत गेली. याच वर्षामुळे माझ्या एका विद्यार्थ्याने मला अडवले. प्राण्यांची वैज्ञानिक नावे लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, असे मीच शिकवले होते; मग १७५७ कसे? त्याचे म्हणणे रास्त होते. स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांच्या कोळ्यांवरील ग्रंथासाठी प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने अपवाद केला आहे, आणि एक वर्ष आधी छापलेला असूनही त्यातील नावांना मान्यता आहे. संपूर्ण प्राणिसृष्टीत हा मान एकट्या कोळ्यांच्या वाट्याला आला आहे.

आता दुसऱ्या कोळ्याविषयी. खरे तर हे परीक्षण लिहावेसे वाटले ते त्याच्यामुळे.

काटकीच्या रंगाचा तो लांबट कोळी नर होता. कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पॅल्प म्हणतात. प्रौढ नराच्या पॅल्पची टोके गाठ आल्यासारखी फुगलेली असतात, आणि शुक्रजंतू मादीपर्यंत पोहोचवण्याचे काम तीच करतात. या टोकावरचे बारीक काटे, आकडे आणि वळणे प्रत्येक जातीत ठरावीक असतात. म्हणून खेकडा कोळ्याच्या नव्या जातीचे वर्णन म्हणजे बहुतांशी नराच्या पॅल्पचे आणि मादीच्या एपिगाइनचे वर्णन. पॅल्पच्या एम्बोलस नावाच्या सुईसारख्या भागाची लांबी आणि दिशा, त्याच्या मागच्या पेरावरील काट्यांचा आकार, मादीच्या बाबतीत आतल्या नलिकांची वळणे आणि शुक्रकोषांची ठेवण, हे सारे मिलिमीटरच्या अंशांत मोजून, रेखाटून द्यावे लागते. आतले भाग दिसावेत म्हणून तबकडी काळजीपूर्वक सोडवून लवंगेच्या तेलात किंवा सौम्य अल्कलीत पारदर्शक करतात. दातदुखीसाठी घरात असलेले लवंगेचे तेल इथेही कामाला येते, याचे मुलांना मोठे नवल वाटले. रंगाचे वर्णनही लिहितात, पण तो जिवंत असतानाचा टिपून ठेवावा लागतो. अल्कोहोलमध्ये रंग उतरतो, आणि हिरवा तर हमखास जातो.

एवढ्याने काम संपत नाही. एक नमुना होलोटाइप म्हणून नेमावा लागतो, म्हणजे त्या नावाचा कायमचा साक्षीदार. पुढे कधीही वाद झाला तर तोच नमुना काढून पाहतात. जुन्या काळी हे नेहमी होत नसे, परंतु संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार २००० सालापासून नेमणूक बंधनकारक आहे. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघालेल्या लेखांतील नावेही ग्राह्य मानतात, मात्र त्यासाठी झूबँक या नोंदवहीत नोंद हवी. आपल्या देशापुरते आणखी एक बंधन आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमानुसार नवी जाती सापडल्यास ती ठरवून दिलेल्या संग्रहसंस्थेला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय एकही कोळी उचलता येत नाही, हे आमच्या सहलींच्या पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगते. वसईची खासगी वाडी निवडली ती याच कारणाने.

टिकादरांच्या किल्लीने आमचा नर टमारस या प्रजातीत नेऊन बसवला. या प्रजातीतील कोळी फांदीला चिकटून, पुढचे पाय सरळ ताणून बसतात, आणि पुष्कळांच्या पोटाचे टोक शेपटासारखे मागे आलेले असते. सूचीत टमारसचे पान उघडले आणि आम्ही थबकलो. कॅमॅरिकसच्या जाती एका नजरेत मावतात, पण टमारसची यादी संपता संपत नाही, कारण ही प्रजाती जगभर पसरलेली आहे. भारतातून नोंदलेल्या जाती आम्ही आधी वेगळ्या काढल्या. त्यांत टमारस कोटिगेहारस ही टिकादरांनी १९६३ मध्ये वर्णन केलेली जाती होती, कर्नाटकातील चारमाडी घाटाजवळच्या कोट्टिगेहार या गावाचे नाव घेऊन आलेली. मग श्रीलंका, म्यानमार, चीन, थायलंड असे करत आम्ही बाहेर सरकत गेलो, कारण कोळ्यांना देशांच्या सीमा नसतात आणि ब्रह्मदेशातून वर्णन झालेली जाती कोकणातही असू शकते, हे कॅमॅरिकसने आम्हाला शिकवलेच होते.

नोंदणी केलेल्या वापरकर्त्याला सूचीतून मूळ लेखांच्या पीडीएफ प्रती उघडता येतात, आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. माझ्या मते या सेवेचे हे सर्वांत मोठे दान आहे. १८९९ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी भारतातील काही नव्या अष्टपादांचे वर्णन मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात छापले होते. असले लेख पाहायचे तर पूर्वी फोर्टमधील हॉर्नबिल हाउसचे ग्रंथालय गाठावे लागे, आणि जर्मन, फ्रेंच नियतकालिकांसाठी कोणाच्या तरी ओळखीने पत्रे लिहावी लागत. मी विद्यार्थिनी होते तेव्हा एका लेखाची छायाप्रत मिळवायला मला जवळजवळ एक सत्र लागले होते. आता माझी विद्यार्थिनी चर्चगेट लोकलमध्ये बसून तोच लेख वाचते. एवढे मात्र तिला बजावून ठेवले आहे, की हे लेख स्वतःच्या अभ्यासासाठी आहेत, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासाठी नाहीत.

एकेक चित्र घेऊन आम्ही आमच्या नराच्या पॅल्पशी ताडून पाहत गेलो. बऱ्याच जाती पहिल्या दृष्टिक्षेपात बाद झाल्या. काही ठिकाणी चित्र इतके लहान किंवा ढोबळ होते की निर्णय करता येईना. तशा जाती आम्ही बाजूला लिहून ठेवल्या. जसजशी यादी आटत गेली तसतशी मुलांची आशा वाढत गेली, आणि माझीही वाढली. ज्या जातींच्या नरांची चांगली चित्रे उपलब्ध होती, त्यांपैकी एकाशीही आमचा नर जुळला नाही. कोणीही म्हणेल की मग जाती नवी आहे. मी स्वतः दोन दिवस तशाच समजुतीत होते.

आम्हाला थांबवले ते नोंदींच्या शेवटी असलेल्या ‘एफ’ या अक्षराने. काही जातींच्या सगळ्या नोंदींपुढे केवळ ‘एफ’ होते, म्हणजे त्या जातीची मादीच आजवर कोणी पाहिली, नराचे वर्णन कोणी केलेलेच नाही. आमचा नर अशा एखाद्या मादीचा जोडीदार नसेल कशावरून? तो तसा असला आणि आम्ही त्याला नवे नाव दिले, तर एकाच जातीला दोन नावे होतील. पुढे कोणी तरी ते ओळखील, आमचे नाव बाद ठरेल, आणि सूचीत त्या जातीच्या नोंदीत ‘एस’ असलेली एक ओळ वाढेल. खेकडा कोळ्यांत हे घडणे अगदी सोपे आहे, कारण नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतच नाहीत. थॉमिससची मादी फुलावर ठसठशीत दिसते आणि तिचा नर तिच्यापुढे इतका चिमुकला असतो की नवखा माणूस त्याला पिल्लू समजतो.

याच कारणाने मी या सूचीला पाचपैकी साडेचार गुण देते. नवे नाव कसे द्यावे हे सांगणारी साधने इतरही आहेत. नाव अजून देऊ नका, हे इतक्या नेमकेपणाने, नेमक्या जातीवर आणि नेमक्या लेखावर बोट ठेवून सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

अर्धा गुण का कापला, तेही सांगते. सूचीतील प्रसार बहुधा देशापुरताच दिलेला असतो. ‘भारत’ एवढेच वाचून ती जाती खंडाळ्याची आहे की सिक्कीमची, हे कळत नाही. त्यासाठी मूळ लेख उघडून नमुन्याचे गाव शोधावे लागते. सह्याद्रीतील कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे, कारण घाटाच्या एका उतारावरची जाती दुसऱ्या उतारावर असेलच असे नाही. नावाचा अर्थही सूची देत नाही. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी हे नाव देण्यात आले, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. सूचीतील नोंदीत हे नाव, वर्ष आणि लेखक तेवढे दिसतात. मुंबईतल्या माणसाला हे नाव वाचून जे आठवते, ते जाणून घ्यायला इतरांना मूळ लेखच वाचावा लागतो. आणि सारा मजकूर इंग्रजीत असून त्याच्यामागचे जुने साहित्य लॅटिन, जर्मन, फ्रेंचमध्ये आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तो डोंगर वाटतो. त्याला सोबत बसून पहिल्या चार नोंदी वाचून दाखवाव्यात, पाचवी तो स्वतः वाचतो.

एक मर्यादा मात्र मी दोष म्हणून मोजत नाही, जरी पुष्कळ जण तिच्याविषयी तक्रार करतात. सूची स्वतः कोळी तपासत नाही. छापून आलेले मत ती नोंदवते, आणि दुसऱ्या कोणी ते छापील लेखातून खोडून काढेपर्यंत ते तसेच ठेवते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी अर्धवट वाढलेल्या पिल्लावरून कोणी जाती ठरवली असेल, तर ती आजही यादीत असू शकते, आणि तिच्याशी ताडून पाहायला हाती काहीच नसते. पण हे काम सूचीचे नाहीच. ते आपले आहे: त्या जुन्या गावी जाऊन, त्याच झाडांवर छत्री धरून, प्रौढ नर आणि मादी दोन्ही मिळवून त्या जातीचे पुन्हा नीट वर्णन करणे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. टिकादरांनी पुणे, खंडाळा आणि घाटमाथ्यावरून वर्णन केलेल्या ज्या जातींच्या नोंदींत आजही एकच अक्षर आहे, त्यांची यादी सूचीतून एका दुपारी काढता येते. अशा प्रकल्पातून नवे नाव मिळणार नाही, पण ‘एफ’च्या शेजारी एक ‘एम’ येईल, आणि तो पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल.

ज्यांना केवळ फुलावर दिसलेल्या कोळ्याचे छायाचित्र काढून नाव हवे आहे, त्यांनी या सूचीपासून सुरुवात करू नये. त्यांची निराशा होईल. त्यांनी आधी भिंग घ्यावे, प्रजातीपर्यंत ओळखायला शिकावे आणि आंब्यावरच्या ओंबिलांत, म्हणजे पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत, मिसळून राहणाऱ्या अमिसिया फॉर्टिसेप्ससारखे सहज ओळखू येणारे खेकडा कोळी आधी पाहावेत. हा कोळी ओंबिलांसारखाच तांबूस दिसतो आणि त्यांचीच शिकार करतो. मोबाइलवरची ॲपे वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, त्यांच्यामुळे मुले बाहेर पडतात. परंतु त्यांचे उत्तर छायाचित्रावरून आलेले असते, आणि खेकडा कोळ्याची जाती छायाचित्रात न दिसणाऱ्या भागांवर ठरते. सूची वापरायची तर हाती प्रौढ नमुना, चाळीस पटींपर्यंत मोठे दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि भरपूर सवड हवी. आमच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक जुना आहे, त्याचा दिवा आम्ही दोनदा बदलला, तरी पॅल्पवरचे काटे मोजण्याइतका तो चांगला आहे.

काटकीच्या रंगाचा तो नर सध्या प्रयोगशाळेच्या कपाटात अल्कोहोलच्या कुपीत आहे. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आहे: वसई, अडुळशाचे कुंपण, तारीख, आणि ‘टमारस, जाती अनिश्चित’. त्याच्या पॅल्पची चित्रे आम्ही या कुळाचा अभ्यास असलेल्या एका संशोधकांना पाठवली आहेत, आणि मादी मिळेपर्यंत काही लिहू नये, असे त्यांचेही मत पडले. खेकडा कोळ्यांच्या माद्या बहुधा पान दुमडून त्यात अंडी घालतात आणि राखण करत बसतात, म्हणून या ऑक्टोबरमध्ये आम्ही छत्रीबरोबर दुमडलेली पानेही एकेक करून उघडून पाहणार आहोत. वाडीच्या मालकांनी दिवाळीपर्यंत ते कुंपण छाटायचे नाही असे कबूल केले आहे.